पासंग

अलाझानीच्या खोऱ्यात, वाइनच्या कारखान्याच्या फाटकाशी
चाळीस हंगाम मी द्राक्षं तोलली.
टोपल्या यायच्या, माणसं आईच्या शपथा घ्यायची.
मी काट्याकडे बघायचे.
पहाटे आधी रिकामी पारडी,
पासंग असेल तर काढायचा,
मगच कुणाशी बोलायचं.
वडिलांची शिकवण.

वडील, सेरापिओन. नाव संताचं,
पण देवळाची घंटा उतरवली ती त्यांनीच,
माझ्या जन्माआधी.
उतारावर गाडीत ती एकदा आपसूक वाजली
आणि बैल थांबले, असं आई सांगायची.
ते ताटावरून उठून जायचे.
जाताना म्हणाले, दारेजान, माझ्यावर क्रूस नको.
नाही लावला.

अंडी मात्र दर ईस्टरला रंगवते मी,
मंजिष्ठेची मुळं, मूठभर कांद्याची सालं.
त्याला श्रद्धा लागत नाही, आच मंद लागते.
सकाळी फाटकावर कुणी म्हणतं, "ख्रिस्त उठला आहे!"
उत्तराला एकच शब्द आहे: "खरोखर."
मी म्हणायचे, "या, बसा."
गावाला सवय झाली.

खरोखर.
केवढा शब्द!
मी तिथे नव्हते. दगड सरकलेला पाहिला नाही.
न तोललेल्या मालाची पावती कशी फाडू?

यंदा मध्यरात्री गेले,
नानुलीला अंधारात दिसत नाही म्हणून.
(निदान तिला तसं सांगितलं.)
तुतीखाली उभी राहिले, हातात मेणबत्ती नाही.
दिवे मालवले. माणसं देवळाला वळसा घालून
बंद दाराशी येऊन थांबली.
कुणाचं तरी तान्हं शिंकलं.
धर्मगुरूंनी दार ठोठावलं,
आणि मला, कशाने कोण जाणे, ते बैल आठवले.
गुडघ्यापर्यंत चिखलात थांबलेले.

घरी येऊन झोप नाही.
दुसऱ्यांचा "आहे" मी जन्मभर तोलला,
माझा "नाही" कधी पारड्यात घातलाच नव्हता.
तो माझा नव्हताच. घरातून आलेला,
जुन्या तराजूसारखा, पासंगासकट.
तो काढला.
काटा लगेच हलला, असं काही नाही.
पारडं रिकामं होतं, इतकंच.
आणि रिकाम्या पारड्यात काही ठेवायचं
तर ते मलाच ठेवावं लागणार होतं.

सोमवारी कबरस्तान. गवत ओलं, सगळ्यांची ताटं, सुऱ्या, पाव.
वडिलांच्या दगडावर वाइन ओतली. क्रूस अजून नाही, नसेलही;
दिलेला शब्द तो शब्द.
नानुलीचा नातू बाचाना लाल अंडं घरंगळवत आला,
तोंड भरलेलं, म्हणाला, "ख्रिस्त उठला आहे!"

माझं उभं आयुष्य त्या शब्दाच्या
पासंगालाही पुरलं नसतं.
तरी म्हटलं.
आवाज चिरकला, पहिलं अक्षर घशातच राहिलं.
पोराने ऐकलंही नाही,
तो पुढच्या कबरीकडे पळाला होता.

मग दगडाकडे तोंड करून पुन्हा म्हटलं,
या वेळी पूर्ण.
अंडं उतारावरून गवतात गेलं.
शोधायला मी वाकले.