चार हजार दोनशेला

इन्केरीची फाइल रात्री साडेअकराला येते,
सोदांक्युलाहून, माझ्या लाहतीपासून साडेआठशे किलोमीटर वर.
सोबत एक ओळ: उणे सत्तावीस. पुलापर्यंत आणि परत.

मी तिची गाडी उघडतो,
म्हणजे रकाने उघडतो:
फेरे, दाब, ठिणगीची वेळ, हवा किती, पेट्रोल किती.
एका सेकंदाचे पन्नास तुकडे,
प्रत्येक तुकड्यात एक जुनी व्होल्वो,
चौकोनी, सायीच्या रंगाची (असं ती सांगते),
जिला मी कधी हात लावलेला नाही.

पूर्वी माणसं गाडी घेऊन यायची.
रोलरवर चाकं चढवायची, पट्ट्यांनी आवळायची,
मग गाडी ताशी दोनशेने धावायची
आणि जागची हलायची नाही.
इंजिनाला मी एक तांब्याची नळी जोडायचो,
दुसरं टोक कानाला,
आणि त्या गदारोळात शोधत राहायचो
एक बारीकसा आवाज,
डब्यात वाटाणा हलावा तसा.
तो आला की हात आपोआप मागे.
ठिणगी दोन अंश उशिरा. पुन्हा ऐक.
काचेपलीकडे मालक, हातात निवलेली कॉफी,
तोंडावर मुलाच्या परीक्षेला आलेल्या बापाचे भाव.

दुरून डोंगर साजरे. दुरून इंजिनंही.
कुओपिओच्या अर्तुरीचं आठवतं.
टाकीत मागच्या उन्हाळ्याचं शिळं पेट्रोल,
झाकण उघडलं असतं तर नाकाने सांगितलं असतं.
सेन्सरची वायर सुटलेली,
त्यामुळे आवाजाचा रकाना वरपासून खालपर्यंत शून्य.
शून्य म्हणजे शांतता, असं मी वाचलं.
पिस्टन मेणासारखा वितळला.
त्याने मला शिवी दिली नाही, फक्त फोटो पाठवला.

पण उबदार शेडमध्ये, बावीस अंशांत,
मी ज्या गाड्या लावून दिल्या
त्या पहिल्या कडक थंडीत कशा वागल्या
हे मला कुणी कळवलं नाही,
मीही विचारलं नाही.
आता डावा कान गेलाय. रोलर पोरीच्या एकाने नेले.
नळी तेवढी राहिली, टेबलावर, बिलं उडू नयेत म्हणून.

तर, इन्केरी.
तीन रात्री चार हजार दोनशेला एक खड्डा.
पेट्रोल वाढवलं. कमी केलं. ठिणगी पुढे, मागे.
खड्डा तिथेच.
चौथ्या रात्री तो रकाना पाहिला
जो पाहायचं कारणच नव्हतं:
पेडल. शंभरावरून बासष्ट.
दर वेळी, त्याच जागी.

फोन केला. ‘तू पाय उचलतेस का?’
बराच वेळ नुसती खरखर.
‘तिथे ती असते.’
‘कोण?’
‘एक रेनडियर. डावं शिंग मोडलेलं.
रस्त्याच्या मधोमध उभी राहते, बाजूला होत नाही.’
‘रोज असते?’
‘रोज नाही. पण आज नाही, हे मला आधी कसं कळणार?’

सगळ्या दुरुस्त्या पुसल्या.
पहिलाच नकाशा परत पाठवला, तो बरोबरच होता.
रोलरवर हा खड्डा दिसलाच नसता;
तिथे ना वळण, ना कुणी आडवं येणारं.

मार्चमध्ये एक फाइल आली: शंभर, शंभर, शंभर,
पुलापर्यंत सरळ.
एवढा सुबक आलेख मी वर्षभरात पाहिला नव्हता.
मी तो बंद केला, उघडला, पुन्हा बंद केला.
फोन हातात घेतला, ठेवला.
विचारायचं तरी काय? गाडी उत्तम चालली होती.

नऊ दिवसांनी पुढची. उणे चार, ओला रस्ता.
वरून खाली येत गेलो
फेरे, दाब, हवा, तेल,
आणि चार हजार दोनशेला पाय उचललेला.
बासष्टही नाही, चाळीस.
जवळजवळ थांबलीच होती.

मी लिहिलं: सगळं ठीक आहे. कशालाही हात लावू नकोस.