खळ

डबा मीच दिला.
हिरव्या झाकणाचा, साठ गोळ्यांचा,
झाकणावर पान, पानावर दवाचा थेंब.
"औषध न्हवं गा अक्का, आहारच हाय,
भाकरीसारखा," असं म्हणालो.
तसंच म्हणायला शिकवलं होतं आम्हाला
खानापूर रोडच्या हॉलमध्ये, चहा-उप्पिटानंतर.

अंबूअक्काला झोप नव्हती.
शेजारी पॉवरलूम आला त्या वर्षापासून
वडगावच्या गल्लीत रात्र अशी उरलीच नव्हती,
नुसती खडखड, आणि वीज गेली
की त्या शांततेनंच दचकून जाग.

पहिले पंधरा दिवस झोपली.
बोलावून साखर ठेवली माझ्या हातावर.
त्याच महिन्यात मला बिल्ला मिळाला,
चांदीच्या रंगाचा.

मग पोटऱ्या.
जिन्यात मध्येच बसून राहायची.
मग दंड सुजले, सूज ओसरली,
आणि कातडं तसंच राहिलं ताठ,
संत्र्याच्या सालीसारखं बारीक खड्ड्यांचं.

"खळ जास्त झाली बघ," हसली एकदा.
कोष्ट्याची लेक, तिला ठाऊक:
सुताला कांजी जास्त पाजली
की ते काडी होतं, मागावर मोडतं.
मूठ मिटेना. धोटा हातातून निसटायला लागला.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी
तिच्या हाताला चिमटा घेऊन पाहिला.
चिमटीत काहीच आलं नाही.
फॉर्म कन्नडमध्ये, डब्यावर इंग्रजी,
अक्का मराठीत कण्हत होती.
"एन तिंतीरी? काय काय खाता?"
भाकरी, झुणका, ताक, अक्का म्हणाली,
आणि माझ्याकडं मुद्दाम बघितलं नाही.

मीच पिशवीतनं डबा काढून टेबलावर ठेवला.
बाई बारीक अक्षरं वाचत राहिल्या खूप वेळ.
मग म्हणाल्या, कातडीखाली एक जाळं असतं,
माणसाला आतून धरून ठेवणारं,
ऊती म्हणतात त्याला, म्हणजे विणलेलं.
"हातमागावर?" अक्कानं विचारलं.
बाईंना हसावं की नाही ते कळेना.

डबा बंद झाला. दुसऱ्या गोळ्या सुरू झाल्या.
अक्का रोज संध्याकाळी
कोमट पाण्याच्या बादलीत कोपरापर्यंत हात बुडवून बसते.
सुताची खळ अशीच निघते.

माझ्या कॉटखाली अजून सात डबे आहेत.
काल निपाणीहून फोन आला एका बाईचा,
ती झोपेची गोळी मिळेल का म्हणून.
मी हो म्हणालो नाही.
नाहीसुद्धा म्हणालो नाही लगेच,
शेजारी लूम चालू होता,
ऐकू येत नाही म्हणालो.