कुसळ

मीटर वाचायला माणूस येतो, त्या दिवशी.
पाळी थांबून चार वर्षं झाली झुराकनची,
तारीख लक्षात ठेवायला
आता विजेचं बिलच बरं.

नरीनच्या वरच्या अंगाला, बर्फात अर्धं बुडालेलं
लाकडी न्हाणीघर. तापलेले दगड,
त्यांवर ओगराळंभर पाणी,
आणि एवढासा आरसा, नवऱ्याचा, दाढीचा.
तो गेला, आरसा राहिला.

वाफ पुसते. हात वर करते.
टाका जास्त ओढला की नमद्याला खळी पडते
तशी कुठे पडलीय का?
नाही.
डावा थोडा मोठा आहे. तो होताच.
बेकझात त्याच बाजूला झोपी जायचा, तोंडात धरून.

मग साबण.
दवाखान्यातल्या गुलझिनतनं सांगितलं होतं,
टोकांनी नाही, बोटांच्या पोटांनी.
झुराकन हसली होती:
पस्तीस वर्षं लोकर निवडतेय मी, पोरी,
आणि मला शिकवतेस?

खोटं नव्हतं ते.
लोकरीत गोखरू असतं, कुसळ असतं,
वाळल्या लेंडीचा खडा असतो;
डोळ्याआधी बोटाला कळतं.
एक कुसळ राहिलं तर
उकळतं पाणी ओता, गुंडाळा, तुडवा दिवसभर,
ते आत तसंच जागं राहतं
आणि दहा वर्षांनी
कुणाच्या तरी तळपायाला सापडतं.

गळ्याच्या हाडाखालून. काखेतून आत.
हलकं, मग दाबून, मग बरगडी लागेपर्यंत.
नवऱ्याचे हात घाईचे होते, बाळांचे भुकेचे.
इतक्या सावकाश
इथे कुणीच आलं नव्हतं.

उजवीकडे, बाहेरच्या अंगाला
बोटं थांबली.
पुढे गेली. परत आली.

आहे.

हरभऱ्याएवढं. सरकत नाही.
दुखतही नाही.
दुखलं असतं तर बरं, असं वाटलं तिला,
दुखणाऱ्या गोष्टी तिच्या ओळखीच्या आहेत.

सवयीनं नखं पुढे झाली, उपटून काढायला,
आणि तिची तिलाच शरम वाटली.

दगड निवेपर्यंत बसून राहिली.
साबण अंगावरच सुकला, कातडी ओढू लागली.
मग मीटरवाल्याच्या चिठ्ठीच्या पाठीवर
ओल्या हातानं लिहिलं: मंगळवार, सातची गाडी.
गुलझिनतला फोन केला. गुलझिनत म्हणाली,
बहुतेक वेळा काही नसतं, पण ये.
'पण ये' एवढंच तिनं ऐकलं.

सकाळी कुंपणापाशी कनिशाय.
मंगळवारी माझ्या मेंढ्यांना चारा घालशील?
कुठे निघालीस?
लोकर दाखवायला, शहरात.
तूही तुझी एकदा चाचपून ठेव.

मार्चमध्ये कसली लोकर,
कनिशाय हसत म्हणाली,
आणि मग
हातातली बादली
तिनं खाली ठेवली.