शेरा

तुर्भ्याच्या शीतगृहात, वरच्या मजल्यावर,
जिथे खालच्या आंब्याचा वास फायलींनाही लागतो,
हर्षला भोईर स्टूल ओढून माझ्या शेजारी बसली
आणि म्हणाली, काका, आधी डेटा आत घ्यायचा.
वाळवण आत घ्यावं तसं म्हणाली.

मी घेतला.
एकोणीस वर्षांची रजिस्टरं,
दिवाळीपासून रात्री जागून टाइप केलेली,
बावन्न हजार ओळी.
सॉफ्टवेअरनं चार सेकंद विचार केला
आणि तीन एप्रिलला चार मार्च करून टाकलं.
झाडावरचा हापूस
महिनाभर आधीच गाडीत चढला.

मग कोपरखैरणे.
ते मी पाच तऱ्हांनी लिहिलेलं,
को.खै., नुसतं खैरणे, एकदा तर ‘नेहमीचं’.
नकाशावर पाच ठिपके पडले.
त्यातला एक आफ्रिकेच्या कुशीला, भर समुद्रात.
पत्ता लागला नाही, हर्षला हसली,
की कधी कधी असं शून्य अक्षांश, शून्य रेखांशावर नेऊन ठेवतं.
मी त्या ठिपक्याकडे बघत राहिलो.
एकशे बारा पेट्या.
कोण उतरवून घेत असेल तिथे?

शून्य आणि रिकामं एक नाही, काका.
शून्य म्हणजे मोजलं, आणि काही नव्हतं.
रिकामं म्हणजे कुणी मोजलंच नाही.
हेच बायको मला बावीस वर्षं सांगते आहे,
वेगळ्या शब्दांत.

तिसऱ्या दिवशी खांब उभे करायला जमलं.
प्रत्येकाला निराळा रंग दिला, लग्नाच्या मांडवासारखा.
हर्षलानं एकेक रंग उतरवला.
सगळे करडे ठेवा.
बोट जिथे ठेवायचंय, तेवढाच नारिंगी.

उरला शेवटचा रकाना, शेरा.
त्याची बेरीज होत नाही, सरासरी निघत नाही.
‘गाडी उशिरा, ड्रायव्हरची मुलगी आजारी.’
‘मालाला वास. परत.’
‘लाइट गेली. आली.’
‘आली’च्या पुढे कुणीतरी काढलेलं हसरं तोंड,
ते मी टाइप कसं करणार होतो.
हा काढून टाकू? तिनं विचारलं. फाइल निम्मी होईल.
मी म्हणालो, लपव.
काढू नको.

सोमवारी शेठ खुर्ची वळवून पडद्यासमोर बसले.
चार नंबरच्या खोलीची रेघ
पट्टीनं आखल्यासारखी.
चार अंश. चार अंश. चार अंश.
हिला काय बघायचं, शेठ म्हणाले, पुढची दाखव.

माझा हात माउसवरच राहिला.
मे महिना, सतरा साल, नऊ तारीख.
बाण टेकवला की चौकट उघडते: तापमान चार.
लपवलेल्या रकान्यात
नवनाथ कडूनं लिहिलेलं होतं, मीच उतरवलेलं,
‘रात्री ११ ला कॉम्प्रेसर बंद. लाद्या आणल्या. सकाळी ६ ला चालू.’
एवढंच.
ऐंशी लाद्या, सात माणसं, लिफ्टही बंद.
गोणपाट खांद्यावर घेऊन जिने चढलेले,
पहाटे एकाच्याही बोटांना बिडी धरता येईना.
त्या रात्री मी घरी होतो,
हे सगळं मला नंतर चहावर कळलं.

आणि रेघेत खाच नाही.
दर तासाला चार.
चार होतं, की नवनाथनं चार लिहिलं?
विचारायला तो राहिला नाही.
एकही पेटी परत आली नव्हती,
ते मात्र दुसऱ्या तक्त्यात दिसतं, मी दोनदा तपासलं.

शेठ सहा नंबरवर गेले. तिथे खरंच घोळ आहे,
तिथे ते बराच वेळ थांबतील.

रेघेवर शेरा लावता येतो का गं? मी हळूच विचारलं.
येतो की. उजवं बटण दाबा.
दाबलं. पांढरी चौकट उघडली,
आत एक उभी रेघ उघडझाप करत होती.
मी टाइप केलं: इथे माणसं होती.
मग ‘सात’ घातलं, माणसांच्या आधी.

हर्षला वाकून वाचत होती.
करडा ठेवू, तिनं विचारलं,
की नारिंगी?