पाय लागला की

हडर्सफील्डच्या बसमधून उतरताना
ड्रायव्हरला 'चिअर्स' म्हणायचं असतं,
हे कुणी सांगितलं नव्हतं.
पुढच्या चौघांचं पाहिलं,
पाचवी मी, पुटपुटले.
तो हसलासुद्धा नाही. म्हणजे जमलं.

रांगेत किती अंतर सोडायचं,
हवेबद्दल किती कुरकुर पुरते,
सगळं असंच, डोळ्यांच्या कडेने.

मंगळवारी शेजारच्या डोरीनबाईंना पाय लागला.
तोंड सॉरी म्हणालं,
हात मात्र जुन्या वळणाने
त्यांच्या बाहीला टेकून कपाळाशी गेला.
त्या खिडकीबाहेर बघू लागल्या.
पाच-सहा वर्षांचा नातू
माझ्याकडेच बघत होता.

आज त्याचा बूट माझ्या पिशवीला लागला.
थांबला.
पिशवीला हात लावला,
मग स्वतःच्या कपाळाला.

पिशवीत नुसते बटाटे होते.