काटा

जगन खैरनारची सोळा-तेरा
आडगाव नाक्यावर आमच्या दारात येऊन थांबली
तेव्हा अजून तापलेली होती.
"घाटात काटा पडतो," जगन म्हणाला,
"भिवंडीहून पत्रे भरून चढताना चारावरून एकावर.
लाल दिवा लागतो, माझ्या पोटात गोळा.
चहाला थांबतो. दहा मिनिटांनी सेल्फ मारतो,
काटा जागेवर,
जणू मीच खोटारडा."

गफूर मिस्त्रींना यातलं निम्मं ऐकू आलं.
चाळीस वर्षांत इंजिनांनी कान खाल्लेत त्यांचे.
त्यांनी डीपस्टिक ओढली, पुसली, बुडवली, पुन्हा ओढली.
ऑइल दोन खुणांच्या मध्ये.
बोटांत चोळलं, हुंगलं.
डिझेल उतरलेलं नाही,
पाणी शिरून दूध झालेलं नाही.

मग सेंडर काढून त्या भोकात
स्वतःचा पितळी गेज आवळला,
जो ते भाकरीच्या फडक्यात गुंडाळून ठेवतात.
सेंडर खोटं बोलत असता
तर शे-दीडशेत भागलं असतं.
तो खरं बोलत होता.

मग लांब पेचकस.
टोक ब्लॉकवर, लाकडी मूठ दातांत.
कान गेल्यापासून ते दाढांनी ऐकतात.
मी रेस देत होतो,
ते डोळे मिटून एकेक बेरिंग
चावून बघितल्यासारखे पुढे सरकत होते.
"ठोका नाही," मूठ काढून म्हणाले.

जगन म्हणाला, जाड ऑइल टाकून द्या,
टोमॅटोचा सीझन तेवढा निघू दे.
"जाड ऑइलनं काटा फसेल," मिस्त्री म्हणाले,
"क्रँक फसत नसते."

आणि माझ्याकडे वळून:
"बेरिंग झिजल्यावर प्रेशर कधी पडतं?"
गरम झाल्यावर, आयडलिंगला, मी बोटांनी खूण करत सांगितलं.
"रेस दिली की?"
चढतं.
"हिचं?"
उलटं. रेसला उतरतं.
"म्हणजे पंपाला ऑइल पोचतच नाही. चेंबर खोल."

तोवर मला कळलं होतं.

तीन महिन्यांपूर्वी हिचंच चेंबर गळत होतं.
मिस्त्री मालेगावला पुतणीच्या लग्नात,
मी एकट्यानं बसवलेलं, आयुष्यातलं पहिलं.
गळू नये म्हणून लाल पेस्ट
अर्धी ट्यूब.
बाहेर आली ती चिंधीनं पुसली.
आत आली ती कोण बघतंय.

चोवीस बोल्ट. मी मोजून काढले, सावकाश,
एखादा तरी आटून बसावा म्हणून.
एकही बसला नाही.
चेंबर खाली आलं, आणि जाळीवर
लाल शेवया, लाल साली,
पंप ओढील तेव्हा चिकटणाऱ्या,
इंजिन बंद पडलं की सुटून तळाला बसणाऱ्या.

मिस्त्रींनी त्यातली एक चिमटीत धरली, टॉर्चपुढे.
माझ्याकडे बघितलं नाही.
"मिस्त्री, हे माझंच," मी म्हणालो.
"आं?"
बहिऱ्या माणसापाशी चूक कबूल करायची
तर हळू आवाज चालत नाही.
"मी लावली होती! पेस्ट! मी!"
जगननं ऐकलं.
शेजारच्या पंक्चरवाल्यानं ऐकलं.
आग्रा रोडवरून जाणाऱ्या एका क्लीनरनं
खिडकीतून मान काढून बघितलं.

"ओरडतोस कशाला," मिस्त्री म्हणाले.
"जाळी डिझेलात धू. पेस्ट सुतळीएवढी,
बोटाएवढी नाही.
जगन, मजुरी नको. ऑइल-फिल्टरचे तेवढे दे."
जगननं एक शिवी दिली, मग तीच पुन्हा,
आणि चहा सांगितला,
दोनच.

पहाटे गेज लावला. चार.
रेस दिली. चारच.
मिस्त्रींनी पेचकस पुढे केला,
मूठ माझ्याकडे करून.
मी ती दातांत धरली
आणि कवटीभर इंजिन चालू झालं,
एकसारखं.

लाकडावर त्यांच्या दातांचे खोल वण होते.
माझे त्यात बसत नव्हते.