परतीचं काउंटर

टोलीडोतल्या त्या गोदामाएवढ्या स्वस्त दुकानात
लोर्नाला खुर्ची नाही.
बसलेला माणूस गिऱ्हाइकाला आळशी वाटतो,
असं मॅनेजरचं म्हणणं. तो हे बसूनच सांगतो.

नवव्या तासाला एकजण
घडीची खुर्ची परत करायला आला.
अख्खा उन्हाळा वापरलेली;
कापडात गवताची कुसळं, दांडीवर बिअरचा गोल डाग.
"आरामच वाटत नाही हिच्यात."
पावती नव्हती. आवाज होता.

लोर्ना हसली. हसणं पगारात धरलेलं आहे.
मग फॉर्मवरचा रकाना वाचला, मोठ्यानं:
वस्तू तपासली का?

खुर्ची उघडली. बसली.
रांग बघत राहिली.
घोट्यांतली कळ हळूहळू फरशीत उतरली.

"थांबा हं," ती म्हणाली,
"अजून नीट कळत नाहीये."